माणसं फ्लर्ट का करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखाद्या मुद्द्याचं सविस्तर उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. फ्लर्ट करणं म्हणजे नक्की काय? नुसतं गोड बोलणं आणि यात फरक काय?

समोरच्या माणसात आपल्याला रस आहे हे कळू द्यायचं, पण तसं उघड म्हणायचं नाही, याला फ्लर्ट करणं म्हणतात. यातले दोन्ही भाग लागतात. ‘मला तू आवडतेस’ असं सरळ सांगितलं की तो कबुलीजबाब होतो. नुसतं हसून ‘चहा घेणार का?’ विचारलं तर तो साधा शिष्टाचार. या दोन्हींच्या मधे शब्द साधेच असतात, पण नजर जरा जास्त रेंगाळते, आवाज थोडा उतरतो आणि चेष्टेला एक जादा अर्थ चिकटतो.

मराठीत याला एकच नेमका शब्द नाही, पण आसपासचे शब्द फार नेमके आहेत. डोळ्यांनीच चाललेलं बोलणं म्हणजे नेत्रपल्लवी. अंदाज घेणं म्हणजे खडा टाकून पाहणं. रस असूनही लगेच न दाखवणं म्हणजे भाव खाणं. समोरच्याला नको असताना केलेली सलगी म्हणजे लघळपणा. छेड काढणं मात्र या घरातलं नाहीच, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

२. मग सरळ विचारून का टाकत नाहीत? एवढं आडवळण कशाला?

कारण उघड नकार दोघांनाही महागात पडतो. विचारणाऱ्याचा अपमान होतो, नकार देणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं आणि आधीची मैत्री, शेजार किंवा कामाचं नातं बिघडतं. आडून विचारलं तर हा खर्च वाचतो. ‘उशीर झालाय, कॉफी घेऊन जातोस का?’ याला ‘नको, उद्या लवकर उठायचंय’ हे उत्तर आलं तर दोघांनाही काय ते कळतं, पण कळल्याचं कुणालाच मान्य करावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोघं पूर्वीसारखे बोलू शकतात. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आडून बोलण्याचं हे गणित मांडलं आणि त्यासाठी लाचेचं उदाहरण घेतलं. पोलिसाला कुणी ‘लाच घ्या’ म्हणत नाही, ‘इथल्या इथे काही मिटवता येईल का?’ असं विचारतं. प्रामाणिक पोलीस निघाला तर त्या वाक्यात पकडण्यासारखं काही नसतं.

ही युक्ती आपल्याकडे किमान दीड हजार वर्षं जुनी आहे. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती सातवाहन राजा हाल याने संकलित केली असं परंपरा सांगते. तिच्या एका गाथेत मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातली सून दिवसाउजेडी बजावते: सासू इथे झोपते, मी इथे झोपते, आत्ताच नीट पाहून ठेव. रातांधळ्या वाटसरा, रात्री येऊन माझ्या अंथरुणावर पडू नकोस. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने काव्यातला ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, समजावताना हीच गाथा घेतली: शब्द मनाई करतात आणि अर्थ आमंत्रण देतो. हे वाक्य सासूच्या कानावर पडलं असतं तरी तिला बोट ठेवायला जागा नव्हती. फ्लर्ट करण्याचं सगळं मर्म या दोन ओळींत आहे. निरोप पोचतो आणि परतीची वाट दोघांनाही मोकळी राहते. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ही ‘परतीची वाट’ पुन्हा येईल.

३. यामागचं जीवशास्त्र थोडक्यात सांगाल?

जोडीदार निवडण्यात चूक झाली तर ती निस्तरायला वेळ, शक्ती आणि कधीकधी अख्खं आयुष्य जातं. म्हणून निवडण्याआधी पारखण्याची सोय निसर्गात जागोजागी दिसते. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीची, म्हणजे जोडीदार मिळवून देणारे गुण पिढ्यानपिढ्या टिकतात ही, कल्पना सविस्तर मांडली. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७२ मध्ये तिला पुढचा दुवा जोडला: पिल्लासाठी ज्याला जास्त खर्च करावा लागतो ती बाजू जास्त चोखंदळ होते आणि दुसरी बाजू तिच्यासमोर स्वतःला सिद्ध करत राहते.

विहिरीवर ओणवलेल्या बाभळीवर हे पाहता येतं. पक्ष्याचं नाव आपण सुगरण ठेवलं, पण घरटं विणतो नर. तो ते अर्धवट, टोपासारखं होईपर्यंत विणतो आणि पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येऊन तपासते. तिला पसंत पडलं तरच नळीसकट घरटं पुरं होतं, नाहीतर तो दुसरं विणायला घेतो.

माणसाचं थोडं वेगळं आहे. मानवी मूल कित्येक वर्षं परावलंबी असतं आणि त्याच्या संगोपनात बापाचाही मोठा वाटा असू शकतो. त्यामुळे आपल्यात दोन्ही बाजू निवडतात आणि दोन्ही बाजू स्वतःला मांडतात. अर्धं घरटं विणून दाखवावं तसं आपण थोडं बोलतो, थोडं हसवतो आणि प्रतिसाद पाहून पुढचं ठरवतो.

४. त्या वेळी शरीरात काय घडतं? छाती धडधडते ती का?

धडधड, तळहाताला घाम आणि कोरडा घसा ही अॅड्रेनलीनची कामं. भीतीतही हेच होतं आणि म्हणून मेंदूची गफलत होऊ शकते. डोनाल्ड डटन आणि आर्थर अॅरन यांनी १९७४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. दरीवर हलणाऱ्या त्या उंच पुलावर एका तरुणीने पुरुषांना काही प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. जवळच्या बुटक्या, भक्कम पुलावर भेटलेल्या पुरुषांपेक्षा झुलत्या पुलावरच्यांनी नंतर तिला जास्त प्रमाणात फोन केले. भीतीची धडधड आकर्षणाच्या खात्यावर जमा झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

गंमत वाटते ती डोपामिन या मेंदूतल्या रसायनामुळे. २००१ मधल्या एका प्रयोगात दिसलं की आकर्षक चेहरा आपल्याकडे थेट पाहत असेल तर मेंदूतलं बक्षिसाशी निगडित केंद्र जागं होतं आणि त्याच चेहऱ्याने नजर वळवली तर ते मंदावतं. म्हणजे नुसतं देखणेपण पुरत नाही, ‘माझ्याकडे पाहिलं’ हेही लागतं. डोपामिन अपेक्षेवर जास्त चालतं, त्यामुळे अनिश्चिततेने रंगत वाढते (प्रश्न १२).

जवळिकीशी जोडल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचं नाव सगळीकडे ऐकू येतं, पण त्याबद्दलची ठोस माहिती प्रामुख्याने प्रेअरी व्होल या जोडीने राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्यावरच्या अभ्यासातून आली आहे. पहिल्या पाच मिनिटांच्या नजरानजरेचं श्रेय त्याला देणं घाईचं ठरेल.

५. परफ्यूममधले ‘फेरोमोन’ खरंच काम करतात का?

फेरोमोन म्हणजे एका प्राण्याच्या अंगातून सुटून त्याच जातीच्या दुसऱ्याच्या वागण्यावर परिणाम करणारा पदार्थ. माणसात असा एकही पदार्थ अजून निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. इतर सस्तन प्राण्यांत हे गंध टिपणारा नाकातला अवयव आपल्यात अवशेषरूपाने उरला आहे. फेरोमोनच्या नावाखाली पैसे घालवू नका. स्वच्छ अंग, धुतलेला शर्ट आणि बेताचं अत्तर एवढं पुरे.

६. खुणा सगळ्या जगात सारख्याच असतात का?

काही असतात. आयरेनिअस आयबल-आयबेसफेल्ट या संशोधकाने १९६० च्या दशकात कॅमेऱ्याला आरसा लावलेली लेन्स बसवली. कॅमेरा एका दिशेला रोखलेला दिसे, पण चित्रण बाजूच्या माणसांचं होई. सामोआ, पापुआ, बाली, युरोप, दक्षिण अमेरिका अशा दूरदूरच्या ठिकाणी त्याला एकच क्रम आढळला. ओळखीचं हसू येतं, भुवया साधारण एक षष्ठांश सेकंद वर उडतात, मग नजर खाली किंवा बाजूला वळते, मान कलते, कधी हात तोंडावर जातो आणि पुन्हा चोरटा कटाक्ष येतो. जवळ येणं आणि मागे सरणं एकाच हालचालीत. ‘लाजून हसणं’ हा शब्दप्रयोग आपण रोज वापरतो तो नेमका हाच.

पण खूण सगळीकडे असली तरी ती दाखवायची परवानगी सगळीकडे नसते. जपानमध्ये मोठ्या माणसांनी अशा भुवया उडवणं असभ्य मानलं जातं असं त्यानेच नोंदवलं. शरीर अक्षरं देतं, त्यांची वाक्यं कशी जुळवायची हे समाज ठरवतो (प्रश्न ९).

७. पहिलं पाऊल पुरुषच टाकतो ना?

दिसतं तसं. अमेरिकेतल्या मोनिका मूर यांनी बार आणि इतर ठिकाणी दोनशेहून अधिक स्त्रियांचं निरीक्षण करून १९८५ मध्ये ५२ निःशब्द खुणांची यादी केली. त्यात खोलीभर फिरवलेली नजर, एकावरच टिकलेली नजर, केसांतून हात फिरवणं, मान कलंडणं, स्वतःशीच ठेका धरणं असं बरंच आहे. ज्या स्त्रिया जास्त खुणा करत होत्या त्यांच्याकडेच पुरुष जास्त गेले आणि दिसण्यापेक्षा खुणांची संख्या जास्त निर्णायक ठरली. उठून टेबलापाशी जाणाऱ्याला वाटतं की धाडस आपण केलं, पण दार बहुतेक वेळा आधीच किलकिलं झालेलं असतं.

८. समोरची व्यक्ती फ्लर्ट करतेय की नुसती मनमोकळी आहे, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि खरं उत्तर असं की आपण यात कच्चे आहोत. जेफ्री हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५२ अनोळखी जोड्यांना एकत्र बसवून गप्पा मारू दिल्या आणि नंतर प्रत्येकाला वेगळं विचारलं. समोरचा फ्लर्ट करत नव्हता हे ८० टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर ओळखलं गेलं. तो करत असताना मात्र पुरुषांनी ३६ टक्के आणि स्त्रियांनी फक्त १८ टक्के वेळा ओळखलं. हे संकेत धूसर असण्याचं कारण प्रश्न २ मध्ये आहे. ते लपवण्यासाठीच बनलेले असतात.

तरीही चार गोष्टी पाहता येतात.

पहिली, तुलना. ती सगळ्यांच्याच खांद्यावर टपली मारून हसत असेल तर तुमच्या खांद्यावरची टपली काहीच सांगत नाही. इतरांशी आणि तुमच्याशी वागण्यात फरक आहे का ते बघा.

दुसरी, जुडगा. एकटी खूण निरर्थक असते. केस डोळ्यांवर येतात म्हणूनही मागे सारले जातात. नजर, अंतर, आवाज, बोलणं लांबवण्याची खटपट यातल्या तीनचार गोष्टी एकदम दिसल्या तर अर्थ लागतो.

तिसरी, वेळ. व्हिएन्नात कार्ल ग्रामर यांच्या गटाने अनोळखी स्त्रीपुरुषांच्या भेटींचं चित्रण केलं. पहिल्या मिनिटात स्त्रिया हसण्याच्या, मान डोलावण्याच्या खुणा भरपूर करत होत्या, पण त्या खुणांचा समोरचा आवडण्याशी संबंध नव्हता. समोरच्याला बोलतं करून अंदाज घेणं चालू होतं. पुढच्या मिनिटांत टिकलेल्या खुणा मात्र आवडीशी जुळल्या. पहिल्या मिनिटावरून काहीही ठरवू नका.

चौथी आणि सगळ्यात भरवशाची, परतफेड. तुम्ही एक पायरी चढलात की समोरूनही एक पायरी येते का? खुर्ची थोडी मागे घ्या आणि अंतर तिकडून कमी होतं का पाहा. विषय संपू द्या आणि नवा विषय कोण काढतं ते पाहा. दोन-तीन वेळा फक्त तुम्हीच चढत असाल तर उत्तर मिळालेलं आहे.

९. संस्कृतीप्रमाणे नेमकं काय बदलतं?

कुणी, कुणाशी, कुठे आणि कुणादेखत, हे चारही बदलतं. नायजरमधल्या वोडाबे पशुपालकांच्या गेरेवोल उत्सवात नटतात पुरुष. चेहरे रंगवून, डोळ्यांचं पांढरं आणि दात चमकवत ते तासन्‌तास नाचतात आणि निवड करतात स्त्रिया. जपानमध्ये १४ फेब्रुवारीला चॉकलेट देते स्त्री आणि पुरुषाची परतफेड १४ मार्चला येते.

महाराष्ट्रात नात्यांची चौकट फार बोलकी आहे. मानववंशशास्त्रात ‘थट्टेची नाती’ म्हणून एक प्रकार आहे, ए. आर. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये त्याची मांडणी केली. आपल्याकडे धाकटा दीर आणि भावजय, मेहुणा आणि मेव्हणी ही चेष्टेची नाती, तर थोरल्या दिरासमोर आवाज खाली. आतेमामेभावंडांना एकमेकांवरून चिडवणं सर्रास चालतं, कारण अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालत आलं आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेचं वर्णन करताना महाराष्ट्राचं हे वैशिष्ट्य नोंदवलं होतं. चेष्टा कुठे शोभते याचा नकाशा लग्न कुठे जमू शकतं याच्या नकाशाशी बराच जुळतो.

दुसरी चौकट रंगमंचाची. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, मावशी टोले हाणते आणि द्वयर्थी सवालजवाब रंगतात. तिथे ते चालतं, कारण सगळ्यांना खेळ ठाऊक असतो आणि गौळणी प्रत्येक टोल्याला दुप्पट टोला देतात. रस्त्यावर खऱ्या बाईची वाट अडवताना यातलं काहीच नसतं.

१०. भोंगऱ्या बाजारात तरुण-तरुणी गुलाल लावून जोडीदार निवडतात, हे खरं का?

पर्यटनाच्या लिखाणात तसं रंगवलं जातं. सातपुड्यातल्या अनेक आदिवासी कार्यकर्त्यांचा याला ठाम आक्षेप आहे. त्यांच्या दृष्टीने तो होळीआधीचा खरेदीचा आणि भेटीगाठींचा बाजार आहे. माणसं जमली की ओळखी होतात, तेवढं कुठल्याही जत्रेत होतं. तिथल्या मुलींचे न विचारता फोटो काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

११. आवडत नसतानाही किंवा लग्न झालेलं असतानाही लोक फ्लर्ट का करतात?

कारण जोडीदार मिळवणं हा त्यातला एकच हेतू आहे. डेव्हिड हेनिंगसेन यांनी २००४ मध्ये सहा हेतू वेगळे केले: शारीरिक जवळीक, नातं पुढे नेणं, समोरच्याचा कल तपासणं, मजा, स्वतःबद्दल बरं वाटणं आणि काम काढून घेणं. भाजीवाल्याशी लाडीगोडी लावून जुडीवर चार काड्या जास्त घेणं हे शेवटच्यात येतं. गडबड होते ती दोघांचे हेतू वेगळे असतात तेव्हा. एकाला मजा हवी असते आणि दुसरा नातं पुढे नेत असतो.

जुन्या नवराबायकोतलं फ्लर्ट करणं ही सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. तिथे कळवायचं काही उरलेलं नसतं, पण ‘मी अजून तुला निवडतोय’ हे पुन्हा ऐकू येतं. ते जरूर करावं.

१२. भाव खाल्ल्याने खरंच फायदा होतो का?

अनिश्चितता ठेवल्याने होतो, थंडपणाने नाही. २०११ च्या एका प्रयोगात विद्यार्थिनींना सांगितलं की काही मुलांनी त्यांची प्रोफाइल पाहिली आहे. आपल्याला खूप पसंत करणारी मुलं त्यांना साधारण पसंती देणाऱ्यांपेक्षा जास्त आवडली. पण नक्की किती पसंत केलं हे ज्यांच्याबद्दल गुलदस्त्यात ठेवलं, ती सर्वांत जास्त आवडली, कारण त्यांचाच विचार डोक्यात घोळत राहिला. चॅटवर मुद्दाम तीन दिवस उत्तर न देणं म्हणजे अनिश्चितता नव्हे. त्याचा अर्थ सरळ ‘रस नाही’ असा घेतला जातो.

१३. बोलायला सुरुवात कशी करावी? तयार डायलॉग चालतात का?

चालत नाहीत, विशेषतः स्त्रियांना ते आवडत नाहीत. ख्रिस क्लाइंके यांच्या गटाने १९८६ मध्ये सुरुवातीच्या वाक्यांचे तीन प्रकार तपासले: चुरचुरीत डायलॉग, साधी चौकशी आणि प्रामाणिक थेटपणा. डायलॉग सर्वांत नापसंत ठरले.

दोघांच्या समोर असलेल्या गोष्टीबद्दल साधा प्रश्न विचारा, मग मिळालेल्या उत्तरावरच पुढचा प्रश्न. २०१७ च्या एका अभ्यासात, झटपट भेटींच्या कार्यक्रमात असे पाठोपाठ प्रश्न विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीचा होकार जास्त मिळाला. अंतर हातभर ठेवा, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आत शिरू नका. उत्तरं एकाक्षरी आली तर ‘चला, भेटून छान वाटलं’ म्हणून तुम्हीच निघा.

१४. मला खुणा कळतच नाहीत (मी ऑटिस्टिक आहे). मी काय करू?

सरळ विचारा, त्यात कमीपणा काहीच नाही. ‘तुझ्याशी बोलायला आवडतं. एकदा बाहेर भेटायचं का? नको असेल तरी काही हरकत नाही.’ शेवटच्या वाक्यामुळे थेट प्रश्नालाही परतीची वाट राहते. समोरच्यालाही सांगून ठेवा की सूचक बोलणं तुम्हाला कळत नाही.

१५. समलिंगी व्यक्तींमध्ये हे वेगळं असतं का?

शरीराचा भाग तोच, धोका मात्र जास्त. चुकीच्या माणसाला चुकीची खूण गेली तर अपमानापलीकडचं घडू शकतं, म्हणून संकेत अधिक थरांचे होतात. ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांची ‘पोलारी’ नावाची बोलीच होती. १९६७ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये कायदा सैल झाल्यावर तिची गरज ओसरत गेली. भारतात ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. घर आणि ऑफिस यांच्यापर्यंत ती मोकळीक अजून पुरती पोचलेली नाही.

१६. फ्लर्ट करणं संपून छेडछाड कुठे सुरू होते?

परतीची वाट बंद झाली की. लिफ्ट, रिक्षा, रात्रीची रिकामी बस अशा जागी समोरची व्यक्ती निघून जाऊ शकत नाही. तिथलं हसू पुष्कळदा सुटकेसाठी असतं, संमतीचं नसतं. पुरुषांना मैत्रीत नसलेला रस दिसतो हे अँटोनिया अॅबी यांनी १९८२ मध्येच दाखवलं. त्यामुळे शंका आली तर ‘नाही’ असंच धरा.

कायद्यातही हे स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ब्लॉक केल्यावर दुसऱ्या नंबरवरून मेसेज करणं ही मजल-दरमजल नव्हे, तिकडेच जाणारी वाट आहे. लैंगिक छळ कलम ७५ मध्ये येतो. तातडीची मदत ११२ वर, महिला हेल्पलाइन १८१ वर.

१७. ऑफिसात अजिबातच करू नये का?

समान पदावरच्या दोघांना आवडत असेल तर कायदा आड येत नाही. वरिष्ठ आणि कनिष्ठ असतील तर वरिष्ठाने करूच नये, कारण पगारवाढ ज्याच्या हातात आहे त्याला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कसोटी ‘नकोसं’ असण्याची आहे, करणाऱ्याचा हेतू काय होता याची नाही. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार ३ महिन्यांत लेखी द्यायची असते, कारण पटल्यास समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

१८. समोरच्याने आधी छान प्रतिसाद दिला आणि मग एकदम थांबला किंवा थांबली. मी कारण विचारू का?

एकदा, आणि तेही सोप्या शब्दांत: ‘माझं काही चुकलं असेल तर सांग, नाहीतर राहू दे.’ उत्तर आलं नाही तर तिथेच थांबा. आधीचा प्रतिसाद खोटा होता असं नाही. तपासून पाहणं (प्रश्न ११) म्हणजे कधीकधी उत्तर ‘नको’ येणं. ‘मग आधी हसलीस कशाला?’ हा जाब विचारू नका. हसताना पुढचं वचन दिलेलं नव्हतं. सोसायटीत, क्लासला, लग्नकार्यात पुन्हा गाठ पडली तर नेहमीसारखं ‘काय, कसं चाललंय?’ म्हणून पुढे जा.